रिमोटवरच्या विमानांना नियम हवेत, तसे मैदानही हवे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन किंवा एखाद्या बड्या नेत्याचा दौरा जवळ आला की मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्तालयाकडून मनाई आदेश निघतो आणि त्याची छोटी बातमी आतल्या पानावर येते. ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्या पंक्तीला त्या आदेशात रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांचाही उल्लेख असतो. बहुतेक वाचक ही ड्रोनची बातमी समजून पुढे जातात. ज्या घरात एखाद्या मुलाने फोमशीट कापून, कार्बनची नळी घालून, सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग वळवणारी छोटी यंत्रणा) आणि मोटर बसवून स्वतः विमान तयार केले आहे, त्या घरातही ती बातमी बहुधा वाचली जात नाही, आणि रविवारी ते विमान सोसायटीच्या गच्चीवरून किंवा जवळच्या टेकडीवरून उडवले जाते. एरोमॉडेलिंगच्या छंदात रमलेला आणि मुलांना तो शिकवणारा माणूस म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी आपल्याकडे मागतो. उडवणाऱ्यांना कायदा ठाऊक नाही आणि प्रशासन त्यांना उडवायला जागा देत नाही, या दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत आहेत, आणि त्यांतून एखादा गंभीर अपघात होण्याआधी दोन्ही बाजूंनी हालचाल झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या गोंधळाला कायद्याच्या इतिहासाचाही हातभार लागला आहे. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढून मानवरहित विमानांच्या नागरी वापराला बंदी केली. ऑगस्ट २०१८ मध्ये नियमावली आली आणि ती १ डिसेंबरपासून लागू झाली. मार्च २०२१ मध्ये तिच्या जागी नवे नियम आले आणि जेमतेम पाच महिन्यांत, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, तेही बाजूला सारून ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित झाले. त्यांत फेब्रुवारी २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. इतक्या वेळा पाने बदलल्यावर कोणत्या साली वाचलेला कोणता नियम आज चालू आहे, हे सामान्य हौशी माणसाला कळत नाही, यात नवल नाही. मात्र आजचे नियम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुटसुटीत आणि समंजस आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या नियमांत हौशी विमानांसाठी स्वतंत्र व्याख्या आहे. सर्व साहित्यासह वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि उड्डाण उडवणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात, अशा तिन्ही अटी पाळणारे विमान ‘मॉडेल’ गणले जाते आणि त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या प्रकारचे विमान ठरलेल्या मानकांत बसते असे प्रमाणपत्र, लागत नाही. एवढी एक सवलत वाचून अनेकांनी ‘मॉडेलला काहीच लागू नाही’ असा अर्थ काढलेला मला सतत आढळतो. तो चुकीचा आहे. टाइप सर्टिफिकेट माफ झाले म्हणून नोंदणी, हवाई क्षेत्राच्या मर्यादा किंवा अपघात कळवण्याची जबाबदारी माफ होत नाही. शिवाय व्याख्येतली तिसरी अट विसरून चालणार नाही. कॅमेऱ्याचे गॉगल डोळ्यांवर चढवून विमान दीड-दोन किलोमीटर दूर नेणारा मुलगा छंदच जोपासत असला, तरी त्याचे विमान त्याच्या उघड्या डोळ्यांना दिसत नाही आणि त्याबरोबर सवलतीचा आधारच निसटतो.

वजनाचे टप्पे प्रत्येकाने पाठ करावेत असे आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो आणि २ ते २५ किलो स्मॉल. व्यावसायिक वापर नसेल तर २ किलोपर्यंत रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्यापुढे ते लागते, आणि त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण या अटी आहेत. आता व्यवहारातली अडचण पाहा. हलक्या बाल्सा लाकडाचे, ग्लो इंजिनावर, म्हणजे इंधनाच्या छोट्या इंजिनावर, चालणारे जे पारंपरिक ‘फोर्टी साइझ’ ट्रेनर विमान पूर्वीपासून नवशिक्यांच्या हाती दिले जाते, त्याचे वजन बहुधा २ किलोच्या वरच भरते. म्हणजे अकरावीतल्या मुलाने ते उडवणे या चौकटीत बसत नाही आणि वयामुळे त्याला सर्टिफिकेटही मिळू शकत नाही. म्हणून पालकांना माझे आग्रहाचे सांगणे असते की पहिले विमान फोमचे, वर पंख असलेले, बॅटरीसकट एक-सव्वा किलोच्या आतले असावे. वजन करताना बॅटरी आत ठेवूनच करावे. दुकानदार सांगतो ते वजन पुष्कळदा बॅटरीशिवायचे असते. २५० ग्रॅमच्या वरच्या विमानांना त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही नियमाने आवश्यक आहे, ही गोष्ट तर छंदिष्टांच्या गप्पांत जवळजवळ कधीच निघत नाही.

आता जागेचा प्रश्न. डीजीसीएच्या संकेतस्थळावरील नकाशात देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत विभागलेले आहे. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा भाग सुरू होतो, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उड्डाण नाही. पुण्यात राहणाऱ्याने नकाशावर लोहगावच्या धावपट्टीभोवती ही वर्तुळे काढून पाहावीत. शहराचा केवढा तरी भाग त्यांत येतो, आणि उरलेल्या भागात खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडचे डेपो अशी संरक्षण खात्याची ठिकाणे आहेत. मुंबईत सांताक्रूझ आणि जुहूमुळे उपनगरांची गत तशीच आहे, आणि नवी मुंबईत विमानतळ आल्यावर पनवेल-उरणच्या मोकळ्या माळांचाही हिशेब बदलला. नाशिकला ओझर आणि देवळाली, नागपूरला सोनेगाव. ज्या शहरांत मुले तंत्रज्ञान शिकतात, नेमक्या त्याच शहरांत उडवायला जागा नाही, असे हे चित्र आहे. म्हणून ‘मैदान मोकळे दिसले’ एवढ्यावर कोणीही विमान उडवू नये. नकाशा बदलत असतो, तेव्हा तो त्या दिवशी सकाळी पाहावा.

इथे पोलीस प्रशासनाला एक नम्र सूचना कराविशी वाटते. ड्रोन नियमांनी तात्पुरत्या बंदीसाठी एक नेमके साधन दिलेले आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखाद्या ठरावीक क्षेत्रापुरता, जास्तीत जास्त ९६ तासांसाठी, तात्पुरता लाल भाग जाहीर करू शकतो आणि ते नकाशावर दिसू शकते. प्रत्यक्षात मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, पूर्वीच्या कलम १४४ प्रमाणेच, संपूर्ण आयुक्तालयाच्या हद्दीत महिना-महिना चालणारे सरसकट आदेश निघतात. सुरक्षेची गरज मी जाणतो, आणि आदेश लागू असेपर्यंत तो प्रत्येकाने पाळलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याचा भंग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा आहे आणि छंद हा त्यावर बचाव होऊ शकत नाही. परंतु एक आदेश संपला की पुढचा, अशी साखळी बनली की नियम पाळू इच्छिणाऱ्याला वर्षात कायदेशीर दिवसच उरत नाहीत, आणि न पाळणाऱ्याला काही फरक पडत नाही. वृत्तपत्रांनीही अशी बातमी देताना आदेशाची हद्द आणि शेवटची तारीख एवढे दोन तपशील आवर्जून छापले तर मोठी मदत होईल.

‘खेळण्यातलेच तर विमान आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे गणित मांडतो. दीड किलोचे विमान सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने उडत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ३०० ज्यूल भरते. दीड किलोचा दगड सातव्या मजल्यावरून खाली सोडला तर जमिनीपाशी पोचताना त्यात साधारण एवढीच ऊर्जा असते. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या पुढे असते, आणि तिथे बोट गेले तर ते नुसते कापले जात नाही, हाड फुटते. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका उद्यानात १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच उडवत असलेल्या रिमोट हेलिकॉप्टरचे पाते लागून जागीच मरण पावला. तो नवशिका नव्हता, या छंदात मुरलेला होता.

यावर उपाय महागडे नाहीत. शिस्त लागते, आणि ती कुणीतरी शेजारी उभे राहून शिकवावी लागते. उड्डाणाआधी आमच्याकडे जे करून घेतले जाते ते थोडे तपशिलात सांगतो, कारण माझ्या मते बहुतेक अपघात जमिनीवरच टाळता येतात. आधी ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, चालू करायचा आणि मग विमानाची बॅटरी जोडायची, बंद करताना याच्या उलट. पंखाखाली दोन्ही बाजूंना बोट धरून विमान तोलायचे. तोलबिंदू सर्वसाधारणपणे पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक-तृतीयांश भागात यावा. शेपूट जड असलेले विमान पहिल्या वळणातच हाताबाहेर जाते. त्यानंतर विमानाच्या मागे उभे राहून ट्रान्समीटरवरची काठी उजवीकडे न्यायची आणि उजवे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर उचलले जाते की नाही हे डोळ्यांनी पाहायचे. दुरुस्तीनंतर सर्व्होची दिशा उलटी राहून जाणे ही नेहमीची चूक आहे, आणि ती हवेत कळली तर सावरायला वेळ नसतो. मग फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय. प्रोपेलर काढून ठेवायचा, मोटर थोडी फिरवायची आणि ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर थांबली पाहिजे. ती आधीच्याच वेगाने फिरत राहिली, तर संपर्क तुटलेले विमान बॅटरी संपेपर्यंत कुठेही जाऊ शकते. शेवटी रेंज चेक, म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती कमी करणाऱ्या सोयीचा वापर करून, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर चालत जाऊन सगळे पृष्ठभाग हलतात का ते पाहणे. हल्लीचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपोआप वारंवारिता बदलत राहतात, त्यामुळे पूर्वी एकाच क्रिस्टलवर, म्हणजे एकाच वारंवारितेवर, दोघांनी ट्रान्समीटर चालू केले की विमान पडायचे, तो धोका पुष्कळ कमी झाला आहे. पण म्हणून रेंज चेक टाळणारे वाढले आहेत आणि ते मला पटत नाही. अँटेना बॅटरीच्या किंवा कार्बनच्या आड दडली असेल तर संच कितीही नवा असला तरी उपयोग होत नाही.

मैदानावर उडवणारे सगळे एका रेषेत उभे राहतात, प्रेक्षक त्यांच्या मागे, आणि विमान त्या रेषेच्या मागे कधीच न्यायचे नाही. उतरताना आणि मोटर बंद पडल्यावर मोठ्याने ओरडून सांगायचे. सोबत एक जण फक्त आकाशाकडे पाहणारा असावा, कारण उडवणाऱ्याची नजर स्वतःच्या विमानावर खिळलेली असते आणि खऱ्या विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा आवाज त्याला उशिरा कळतो. असा आवाज येताच आपले विमान खाली आणायचे. माणसे बसलेल्या विमानाला वाट देणे हे नियमानेही बंधनकारक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून उसळणारी हवा हलके विमान उलथवते, म्हणून सकाळची वेळ उत्तम. महावितरणच्या तारा जवळ असतील तर ते मैदानच सोडून द्यावे. तारेवर अडकलेले विमान बांबूने काढायचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो, आणि पोलादी तारा हातात धरून त्यांच्या टोकाला फिरवल्या जाणाऱ्या कंट्रोल लाइन विमानांना तर हा धोका दुप्पट आहे.

लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण ती घरात असते. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नये, वापर नसेल तेव्हा सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरनेच चार्ज करावी आणि चार्जिंग चालू असताना घर सोडून जाऊ नये किंवा झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. फेब्रुवारी ते मे या काळात टेकड्यांवरचे गवत वाळून काडी झालेले असते आणि आपटलेल्या विमानातली चेपलेली बॅटरी काही मिनिटांनी पेट घेऊ शकते. वणवा लागला तर वर्षानुवर्षे रोपे जगवणाऱ्या माणसांचे काम एका तासात जाते. पडलेले विमान शोधून बॅटरी सापडेपर्यंत तिथून हलायचे नाही, आणि वाळूची बादली बरोबर ठेवायची.

अपघात झालाच, तर ड्रोन नियमांप्रमाणे ४८ तासांच्या आत डीजीसीएला ऑनलाइन कळवावे लागते. नियमभंगाचा दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. दंडापेक्षा मला कळवण्याचे मोल अधिक वाटते. लपवलेल्या अपघातातून कोणीच काही शिकत नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९३६ पासून काम करणारी एरोमॉडेलिंग संघटना आहे, आणि तिथला कायदा हौशी उडवणाऱ्याला सरकारमान्य संघटनेची सुरक्षा नियमावली पाळायला सांगतो. एक विनामूल्य ऑनलाइन चाचणीही द्यावी लागते. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांहून जुन्या संघटनेच्या सभासदांना विमान वाहतूक प्राधिकरणाने स्वतंत्र अधिकृत परवानगी दिली आहे, आणि विमा सभासदत्वातच येतो. दोन्हीकडे सरकारने उडवणाऱ्यांवर पहारा ठेवण्याचे बरेचसे काम क्लबांवर सोपवले आहे, आणि क्लब ते करतात, कारण एका बेपर्वा सभासदामुळे सगळ्यांचे मैदान जाते. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग कित्येक वर्षे शिकवले जाते आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. शिस्तीचा हा वारसा हाताशी असताना शाळा सुटल्यावर, गणवेश उतरल्यावर त्या मुलाला जायला जागा नसते.

ड्रोन नियमांतच त्यावर वाट आहे. सरकारमान्य शैक्षणिक संस्थांना संशोधन आणि विकासाच्या कामासाठी, हिरव्या भागात आणि स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत, नोंदणी, पायलट सर्टिफिकेट आणि पूर्वपरवानगी यांतून सूट दिलेली आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे जे विद्यार्थी स्पर्धांसाठी तीन-चार किलोची विमाने बनवतात आणि चाचणीसाठी शहराबाहेरच्या रस्त्याकडेला जातात, त्यांच्या प्राचार्यांनी हा नियम काढून वाचावा. आपल्या आवारात, प्राध्यापकाच्या देखरेखीखाली आणि लेखी कार्यपद्धतीने चाचणी घेणे कायद्याला मंजूर असताना मुलांना रस्त्यावर पाठवणे ही संस्थेची जबाबदारी झटकण्यासारखे आहे.

ज्या हौशी लोकांमागे अशी संस्था नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक निश्चित मैदान असावे, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी नवी जमीन घ्यायला नको आणि अनुदानही नको. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांकडे विस्तीर्ण प्रक्षेत्रे आहेत, आणि शेतीतील ड्रोनच्या निमित्ताने हा विषय त्यांना परका राहिलेला नाही. इतर जिल्ह्यांत क्रीडा संकुलाचे मैदान किंवा उन्हाळ्यात कोरडा पडणारा तलावाचा भाग चालेल. रविवारी सकाळी सहा ते नऊ एवढी वेळ ठरवून द्यावी. प्रवेशाला नोंदणी क्रमांक आणि विमा दाखवण्याची अट घालावी, मैदानप्रमुख म्हणून एनसीसीचा अनुभवी एरोमॉडेलिंग प्रशिक्षक नेमावा, आणि मैदानाचा ठावठिकाणा स्थानिक पोलीस ठाण्याला व जवळच्या विमानतळाला लेखी कळवलेला असावा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी येत्या हिवाळ्यात पोलीस, महसूल आणि एनसीसी या तिघांची एक बैठक बोलावली, तरी पाऊस संपून गवत कापून झाल्यावर पहिली विमाने कायदेशीरपणे उडू शकतील. नकाशे काढण्याचे, कार्यपद्धतीचा मराठी मसुदा करण्याचे आणि मैदानावर उभे राहण्याचे काम आमच्यासारखे लोक विनामूल्य करायला तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक एरोमॉडेलिंग प्रशिक्षक, पुणे